औदुंबराखालची तार

सातवीण गावात रोज पहाटे पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी तारेतला उजेड आपली वाट सोडून जाई आणि पाच एकोणसाठला मुकाट्याने परत येई. अकरा मिनिटं. एवढ्यात कुणाचं दूध नासत नाही की कुणाची एसटी चुकत नाही. पण गावच्या आरोग्य उपकेंद्रात तीन खुर्च्या होत्या, आणि त्यांवर बसणाऱ्यांना ही अकरा मिनिटं फार जड जात होती.

त्या खुर्च्या मूत्रपिंडं निकामी झालेल्यांच्या. रक्त बाहेर घेऊन, गाळून, परत अंगात सोडणारी यंत्रं आता कपाटाएवढी राहिली नव्हती. देव्हाऱ्याएवढी झाली होती. त्यांच्यावर नजर ठेवणारे डॉक्टर कोल्हापुरात बसून चाळीस गावांतल्या खुर्च्या एकाच वेळी पाहत. इथे सुई टोचायला आणि धीर द्यायला रेश्मा सिस्टर असत. नियम मात्र कडक होता. डॉक्टरांना पेशंट दिसेनासा झाला, की यंत्राने गाळणं थांबवायचं आणि रक्त नुसतं फिरतं ठेवायचं. जोडणी आली की सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, मगच पुढे. अकरा मिनिटांच्या खोळंब्यापायी तास निघून जाई, दुसऱ्या पाळीचे लोक ताटकळत, पहिल्या पाळीचं गाळणं आवरतं घ्यावं लागे आणि संध्याकाळी त्यांच्या घोट्यांवर सूज दिसे.

सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी यांतल्या एका खुर्चीवर संकेत खाडे बसत असे. आणि ती तार ज्या हबला, म्हणजे गावच्या जोडणीच्या केंद्राला, येऊन मिळत होती तो हब सांभाळायचं काम होतं त्याच्या बायकोकडे, प्रणालीकडे.

"माझी बायको तारेवर आणि मी सुईवर," संकेत म्हणायचा. "घरात दोघंही जोडणीचीच माणसं."

प्रणालीला हसू यायचं नाही. योजनेच्या कार्यालयाचं पत्र तिच्या टेबलाच्या काचेखाली होतं. एकतीस जानेवारीच्या आत सलग तीस दिवस जोडणी एकदाही न हलता राहिली, तर खुर्च्या सातवीणमध्ये राहतील. नाहीतर तालुक्याला जातील. तालुका अडतीस किलोमीटर, सगळा घाट, आणि चार तास रक्त गाळून उठलेल्या माणसाला त्या वळणांवरून आठवड्यातून तीनदा आणायचं.

तिने सगळं करून पाहिलं होतं. हबची खोली जुन्या शाळेच्या मागे होती. वीज तपासली, बॅटऱ्या तपासल्या. एकेक पोर्टचा हिरवा दिवा पाहिला. काचेच्या टोकांवर धुळीचा कण असला तरी प्रकाश अडखळतो, म्हणून टोकं पुसली, भिंगाखाली पाहिली, पुन्हा पुसली. पॅच कॉर्ड बदलल्या. कुठे तार जास्त वाकली आहे का ते पाहिलं. मीटर लावून प्रकाश मोजला; तो जितका हवा तितका होता. शेवटी चार डिसेंबरला तिने प्रकाश सोडणारं मॉड्यूलच बदललं.

आणि दोष गेला! पाच तारखेला नाही, सहाला नाही. दहा दिवस तार देवघरातल्या समईसारखी स्थिर. संकेतने पेढ्याचा तुकडा मोडला, अर्धा तिला दिला. "बघ, मॉड्यूलच आजारी होतं. माझ्यासारखं."

चौदा तारखेला, सोमवारी, पाच अठ्ठेचाळीसला जोडणी पुन्हा गेली.

त्या सकाळी खुर्चीतून उठताना संकेतचा तोल गेला. प्रणालीने त्याला धरलं. तिची नजर फाटकाकडे गेली. सासूबाई नेहमीप्रमाणे जागेवर नव्हत्या. शालन, म्हणजे प्रणालीच्या आत्या (सासूला ती आत्याच म्हणे), रोज पहाटे बाहेर पडायच्या. संकेतचा दिवस असला तर त्याला उपकेंद्राच्या दारापर्यंत पोचवायच्या आणि तिथूनच कुठेतरी निघून जायच्या. उन्हं आली की परत. आपल्या जाऊबाईंकडे चहाला जात असणार, असं प्रणालीने मनाशी ठरवून टाकलं होतं. लेकाला सुया टोचलेल्या आणि आई चहाला! आठ महिने हे तिने बोलून दाखवलं नव्हतं. न बोललेलं जे असतं ते घरात जागा धरून बसतं. दोघींच्यात आता भाजीला मीठ किती एवढंच बोलणं उरलं होतं.

तिने शिकलगार साहेबांना फोन लावला. ते तिचे वरिष्ठ, कोल्हापुरात बसायचे.

"साहेब, मला कानाची नोंद उघडून द्या."

"खाडे मॅडम, त्याला परवानगी लागते, ठाऊक आहे न्हवं?"

"अर्ज पाठवलाय."

"तुम्ही सोडणार न्हाई. बरं, दोन-तीन दिवस द्या मला."

कान म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. फायबर ही केसाएवढी काचेची तार. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक उणीव राहतेच, आणि तारेच्या दर वितीवरून प्रकाशाचा कणभर अंश मागे उसळतो. तार शांत असेल तर हा परतणारा प्रकाश रोज सारखाच. पण वर ट्रॅक्टर गेला, कुणी चाललं, कुदळ पडली, की तिथली काच केसाच्या लाखाव्या भागाइतकी ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. नवे हब हा बदल सेकंदाला हजार वेळा वाचत. जमिनीत पुरलेली बावीस किलोमीटरची तार म्हणजे एक लांबच लांब कान झाला होता.

त्याचा फायदा मोठा. पूर्वी खोदणाऱ्यांनी तार तोडली की गाव दोन-दोन दिवस मुकं व्हायचं. आता खोदकामाची चाहूल लागताच हब तार तुटायची वाट पाहत नसे. सगळं दळणवळण आधीच डोंगरावरच्या मनोऱ्याकडे वळवी. मनोऱ्याची वाट अरुंद. फोन, निरोप निभायचे. खुर्च्यांची चित्रं मात्र त्या वाटेने जात नसत.

पण एवढा तिखट कान गावाखाली पुरायचा म्हणजे भीतीही आलीच. कोण कुणाच्या दारी केव्हा गेलं हे सांगणारी जमीन कुणाला हवी असते? म्हणून कायदा झाला. कानाची नोंद तंत्रज्ञालाही सहज उघडता येत नसे, आणि कुणाच्याही चालीचा ठसा त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय यंत्रात ठेवता येत नसे.

गुरुवारी नोंद उघडली. प्रणाली वाचत गेली आणि खुर्चीत सरळ बसली.

दोष नव्हताच. हब रोज पहाटे घाबरत होता. "संशय : खोदकाम. अंतर : दोनशे बारा मीटर."

तिने चाक लावलेली मोजपट्टी घेतली आणि रस्त्याकडेने मोजत गेली. दोनशे बारा मीटरवर औदुंबर होता. त्याभोवती दगडी पार, आणि नकाशाप्रमाणे पाराच्या कडेला अर्धं वर्तुळ घेऊन गेलेली तार. झाडाची मुळं दुखवू नयेत म्हणून फार खोल न पुरता वरच्यावर टाकलेली. खोदल्याची एक खूण नव्हती. उदबत्तीची राख होती आणि पाराच्या कडेला ओळीने मांडलेली झेंडूची फुलं. तिने सहज मोजली. एकवीस.

परत येऊन तिने नोंद पुन्हा पाहिली. रस्त्याने जाणारं पाऊल पुढे सरकत जातं, तारेवरून निघून जातं. हे पाऊल जागच्या जागी घुमत होतं. एक ठोका जड, दुसरा घासत. जड, घासत. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तिथेच. जागच्या जागी पडणारा ठोका म्हणजे कुदळ, असंच त्या यंत्राला शिकवलेलं. कुणीतरी प्रदक्षिणा घालत होतं, आणि हबला वाटत होतं की त्याची तार उकरली जात आहे.

मग चार ते तेरा तारखेत काय झालं होतं? मॉड्यूलचा तर काही संबंधच नव्हता.

चार तारीख. त्या दिवशी मॉड्यूल बदलून ती घरी आली तेव्हा आत्या दारातच म्हणाल्या होत्या, "भाऊकीतलं दत्तूअण्णा गेलं. दहा दिस सुतक. देवाला हात लावू नगंस."

दहा दिवस देव्हाऱ्यात दिवा नव्हता. दहा दिवस देवळाची पायरी चढायची नव्हती. आणि दहा दिवस तार स्थिर होती.

भाऊकीतली घरं पाच. संध्याकाळी प्रणाली चुलीपुढे बसून हाच विचार करत होती, आणि मागच्या पडवीतून पावलं आली. एक जड, दुसरं घासत. आत्यांचा उजवा गुडघा गेल्या वर्षापासून वाकत नव्हता. रोज ऐकलेली चाल. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

लेकासाठी चाललेल्या फेऱ्या लेकाचंच गाळणं थांबवत होत्या. हे कुणी सांगायचं आणि कसं? शिवाय नवस मुका असणार. बोलला की मोडला, असं आत्या मानायच्या. तिने दुसरी वाट धरली.

"आत्या, औदुंबराकडं साप निघालाय म्हणे. पाराजवळ कुणी जाऊ नका, म्हणत होते."

शालनने तव्यावरची भाकरी उलटली. "मी कशाला जातीया तिकडं?"

"नाही, आपलं सांगितलं."

"बरं केलंस."

दोघीही खोटं बोलल्या आणि दोघींनी जेवणं वाढली. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी अकराऐवजी चौदा मिनिटं जोडणी गेली. नोंदीत जड पावलाबरोबर एक नवीन ठोका होता, कडक आणि टोकदार. आत्या सापासाठी काठी घेऊन गेल्या होत्या. काठीला खाली लोखंडी टोक होतं. हबची तर गाळणच उडाली होती.

प्रणालीने डोक्याला हात लावला. मग एकटीच हसली.

शिकलगार साहेबांनी फोनवर ऐकून घेतलं. "सोपं आहे की. पाराला कुंपण घाला. नाहीतर त्या बाईंना सांगा, घरात तुळशीला फेऱ्या घाला म्हणून. कोण आहेत त्या?"

"माझ्या सासूबाई."

"मग माझ्या बापाच्यानं सांगवणार न्हाई. तुमचं तुम्ही बघा."

शनिवारी पहाटे प्रणाली अंगावर शाल घेऊन पाराच्या अलीकडे उभी राहिली. थंडी होती. आत्या अनवाणी चालत होत्या. ओठ मिटलेले, पदरात फुलं, एकेका फेरीला एकेक फूल पारावर. काठी खाली ठेवलेली; साप दिसला नव्हता म्हणून असेल. प्रणालीने मध्ये हाक मारली नाही. एकविसावं फूल ठेवून त्यांनी कपाळ टेकलं, तेव्हाच ती पुढे झाली.

"आत्या."

शालन दचकली. "तू? संकेत बरा हाय न्हवं?"

"झोपलाय. बरा आहे."

"मग तू हितं कशी? कुणी सांगितलं तुला?"

"तारेनं."

मग तिने सगळं सांगितलं. काच, प्रकाश, कान, कुदळ. आत्यांना किती कळलं कोण जाणे, पण शेवटचं तेवढं कळलं. त्या पारावर बसल्या.

"म्हंजे मी हितं फेरी घालतीया, आन् तिकडं माझ्या लेकाचं रक्त थांबतंय?"

"थांबत नाही आत्या. नुसतं गाळायचं राहतं."

"एकच की गं ते." त्यांनी फुलांच्या ओळीकडे पाहिलं. "आठ म्हैने."

त्यांनी मग पदराने तोंड पुसलं. "उद्यापास्नं येत न्हाई मी. घरातनं हात जोडलं तरी देवाला पोचतंय."

हेच तर हवं होतं. प्रश्न इथेच मिटत होता, उद्यापासून तीस दिवस मोजायला घेता आले असते. पण प्रणालीची नजर त्यांच्या पायांवर गेली. टाचांना भेगा, अंगठ्याला चिंधी. हे पाय ती मनातल्या मनात जाऊबाईंच्या चहाला पाठवत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही यायचं. तुमच्या पावलात काही खोट नाही. त्या कानाला कुदळ आणि प्रदक्षिणा यांतला फरक कुणी शिकवलाच नाही. मी शिकवते."

"शिकंल ते?"

"शिकेल. तुमची सही लागेल." ती थोडी थांबली. "आत्या, मला वाटायचं तुम्ही तुमच्या जाऊबाईंकडं चहाला जाता."

"व्हय गं?" शालनने मान वर केली. "तिचा चहा! साखर न्हाई, पत्ती न्हाई. आन् मला काय वाटायचं सांगू? ह्या पोरीला त्या खोलीतल्या हिरव्या दिव्यांपुढं नवरा दिसत न्हाई."

दोघी हसल्या, आणि हसता हसता शालनचा हात प्रणालीच्या हातावर आला. तो थंडगार होता.

"पर नवस मोडला की आता. तुला कळला."

"तुम्ही कुठं बोललात? मी मोजल्या."

शालनने यावर नीट विचार केला आणि मान डोलावली. "ते खरं हाय. मी न्हाई बोलले."

अर्ज प्रणालीने मोठ्याने वाचून दाखवला. चालीचा ठसा फक्त या हबमध्ये राहील. तो दुसऱ्या कशासाठी वापरला जाणार नाही. माणूस गेल्यावर पुसला जाईल.

"पुसू नगंस," शालन म्हणाली. "राहू दे की. चालतं काय तरी राहू दे माझं."

"कायदा आहे आत्या."

"मग असू दे. आन् हे काय, चालण्याचा हेतू? हे कशाला पायजे त्येंला?"

"सरकारी कागदात एक रकाना जास्तीचाच असतो."

शालनने पेन घेतलं आणि वाकड्या अक्षरात काहीतरी लिहिलं, खाली सही केली.

शिकवणीला तीन पहाटा लागल्या. आत्या चालायच्या, प्रणाली हबला सांगायची, हे ओळखीचं पाऊल. फेऱ्या संपल्या की ती स्वतः जवळच कुदळ मारायची आणि सांगायची, हे खोदकाम. दोन्हींतला फरक कळल्याशिवाय शिकवणी पुरी होणार नव्हती. कुदळीला हब ओळखीचं पाऊल समजला असता तर कानच बहिरा झाला असता. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन जाणारा एकजण थांबला.

"वहिनी, देवाच्या दारात कुदळ कशापायी?"

"यंत्राला शाळा शिकवतेय."

"आन् मास्तरीणबाई कोण, तुम्ही का शालनकाकू?"

शालनचं मौन कपाळ टेकेपर्यंत सुटत नसे. त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो निघून गेला.

तेवीस डिसेंबरपासून मोजणी सुरू झाली. पहिला दिवस. पाचवा. बारावा. सूज ओसरली. संकेतला सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझ्यावर देवाचा डोळा, डॉक्टरचा डोळा आणि बायकोचा कान. पळून जायची सोय नाही." तो देवळात जाणाऱ्यांतला नव्हता. आजारी पडल्यापासून तर देवाचं नाव निघालं की उठून जायचा.

एकवीस जानेवारी, तिसावा दिवस, गुरुवार. संकेतची खुर्चीची पाळी नव्हती. पलीकडे उपकेंद्रातल्या खुर्च्यांवर यमुनामावशी आणि आणखी दोघेजण बसले होते. प्रणाली उपाशीपोटी हबच्या खोलीत होती. आत्यांबरोबर तिनेही गुरुवार धरला होता. पाच अठ्ठेचाळीसला हबच्या उजळत्या पाटीवर अक्षरं आली : "ओळखीचं पाऊल." जड, घासत. तिने श्वास सोडला.

आणि लगेच दुसरी ओळ आली. "अनोळखी पाऊल. खोदकामाची शक्यता : चाळीस टक्के."

चाळीसचे पंचेचाळीस झाले. साठला हब मनोऱ्याकडे वळणार होता. तिसावा दिवस पुन्हा पहिला झाला असता, आणि एकतीस तारीख दहा दिवसांवर होती. पाटीवर एक बटण होतं, रोखून धरण्याचं. ते दाबलं की अर्धं मिनिट हब थांबतो. पण खरोखरच कुणी खोदत असेल आणि तार तुटली, तर तीन माणसांची गाळणी मधेच बंद पडतील आणि दाबणारं नाव तिचं असेल. धावत जाऊन पाहायला तीन मिनिटं. हातात काही सेकंद.

धोक्याच्या वेळी ऐकायची परवानगी असते. तिने हेडफोन कानाला लावला. काचेतून आलेला ठोका ढोलाच्या आतल्यासारखा घुमत होता. आत्यांचं जड पाऊल. आणि त्यामागे दुसरं, हलकं. चार पावलं आणि एक थांबा. चार पावलं आणि एक थांबा.

जिना चढताना असं थांबून दम खाणारं माणूस तिच्या ओळखीचं एकच होतं.

सत्तावन्न टक्के. तिने बटण दाबलं.

अर्ध्या मिनिटाने हबने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा दाबलं. दर फेरीला त्याचा तोच प्रश्न, दर फेरीला तिचं तेच उत्तर. सहावी. नववी. मधे एकदा हलकं पाऊल फार वेळ थांबलं, आणि जड पाऊलही त्याच्यासाठी थांबलं. तेरावी. प्रणालीच्या लक्षातही आलं नाही की ती पुटपुटत मोजते आहे. विसावी. एकविसावी.

ठोके थांबले. पाटीवर नेहमीसारखे हिरवे दिवे होते; तिसावी पहाट निभावली होती. उपकेंद्रातून रेश्मा सिस्टरांचा निरोप आला, "सगळं व्यवस्थित. यमुनामावशी घोरतायत."

थोड्या वेळाने दार ढकलून संकेत आत आला. चेहरा घामाने ओला, केसांत औदुंबराचं एक पान. तो स्टुलावर बसला आणि आधी दम खाल्ला.

"तुझा हब घाबरला का?"

"मीच घाबरले. सांगायचं तरी."

"आईनं बोलायचं नाही म्हणून सांगितलं." त्याने डोकं खाजवलं. "देव वगैरे मला अजून काही कळत नाही. पण ती एकटीच फिरते, गुडघा असा. मग म्हटलं... तो अर्ज कुठे मिळतो?"

प्रणालीने खणातून कोरा अर्ज काढला. नमुना म्हणून आत्यांचा भरलेला अर्जही शेजारी ठेवला. संकेत खाली वाचत गेला आणि चालण्याच्या हेतूपाशी थांबला. तिथे वाकड्या अक्षरात एवढंच होतं : "लेक बसलाय म्हणून."

तो ते बराच वेळ पाहत राहिला. मग पेन घेतलं, आपल्या अर्जावर त्याच रकान्यात लिहिलं, "सोबत", आणि खाली सही करून अर्ज तिच्याकडे सरकवला.

"उद्या शुक्रवार. मी खुर्चीत असणार," तो म्हणाला. "उद्या तू जा तिच्याबरोबर."